साहेबांसाठी एक सही

११ जानेवारी

बाबा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं. ते लिहायला घेतलं की पुढचं सुचेना, म्हणून नुसतं बाबा.

आधी हे सांगते की साहेब आहेत. भावाला आम्ही अजून तुम्ही ठेवलेल्या नावानेच, साहेबच म्हणतो. पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्हाला वाईट बातमी वाटली असेल, तर तसं काही नाही. साहेब पलंगावर आहेत, खिडकीकडे तोंड करून, आणि मी शेजारी स्टुलावर बसून लिहितेय. आई कामावर गेलीय. ती अजून त्याच कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. या पत्राचं तिला माहीत नाही.

तुमचा पत्ता तुमच्या साइटच्या मुकादमकाकांनी दिला, ते मधूनमधून इकडे घरी येतात. ते रस्त्यात दिसले तेव्हा मी पलीकडच्या बाजूला जाणार होते, पण त्यांनीच हाक मारली, "अगं ए, परांचीवाल्याची ना तू?" मी मान हलवली. ते फोन नंबरपण देत होते, तो मी घेतला नाही. फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. समोरचा हॅलो हॅलो करतो आणि मी नुसता श्वास घेते. मध्ये एकदा दवाखान्यातून फोन आला तर त्यांना वाटलं कोणी चावटपणा करतंय. त्यांनी मला दम दिला आणि ठेवून दिला.

साहेबांना काय झालंय ते शेवटी कळलं. इतकी वर्षं नुसतं 'फिटा येतात' एवढंच होतं, आणि गोळ्या बदलत होत्या. आता मोठ्या दवाखान्यात एक बाई भेटल्यात. त्या डॉक्टर आहेत पण औषध देत नाहीत, संशोधन करतात. त्यांनी साहेबांचं रक्त तपासलं, आईचं तपासलं. आजाराला कुठल्यातरी माणसाचं नाव आहे, ते मला नीट लिहिता येणार नाही. हा आजार फार कमी मुलांना होतो. आई म्हणाली, "बघा, साहेबांना सगळं खासच लागतं."

औषध नाही. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, गोल गोल नाही बोलल्या.

आता मुद्द्याचं. बाईंना साहेबांचा मेंदू हवाय. आत्ता नाही. नंतर. आत नेमकं काय बिघडतं ते रक्तात सगळं दिसत नाही, जिवंत माणसाच्या मेंदूत हात घालून बघता येत नाही. त्यासाठी आई आणि वडील दोघांची सही लागते, वडील असतील तर. तुम्ही आहात.

आईने केली सही. आधी नको नको म्हणत होती, मग एक दिवस कामावरून आली आणि चपला न काढताच केली. वर म्हणाली, "त्या माणसाला विचारायला मी जाणार नाही." म्हणून मी विचारतेय.

तुम्ही म्हणायचात, माझ्या सहीवर माणसं चढतात. परांचीचा एकेक क्लॅम्प हाताने हलवून बघितल्याशिवाय, ती पक्की असल्याच्या हिरव्या टॅगवर तुम्ही कधी सही केली नाहीत. मालक खालून ओरडत असला तरी नाही. म्हणून इथे या. सगळं बघा, कुठे करतात, कसं करतात, आणि मग ठरवा. नाही म्हणालात तरी चालेल.

साहेबांची तब्येत बरी आहे.

तुमची मुलगी


२ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. मुकादमकाका म्हणाले, पत्र पोचलंय, तुम्ही पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसून वाचलंत आणि घडी करून खिशात ठेवलंत. "वाचताना तोंड कसं होतं?" असं मला विचारायचं होतं, पण मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

मी बाईंच्या प्रयोगशाळेत जाऊन आले. आई त्यांना मेंदूवाली म्हणते. "जा, तुझी मेंदूवाली वाट बघत असेल." तोंडावर मात्र ताई, ताई करते आणि त्यांना बसायला चांगली खुर्ची देते.

तिथे काय असेल याची मला भीती होती. बरण्या असतील, बरण्यांत काय काय तरंगत असेल. तसं काही नव्हतं. लांब टेबलं, सिंकमध्ये धुवायची भांडी, एक फ्रीज सारखा टीं टीं वाजत होता आणि कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. भिंतीवर कोणाच्या तरी वाढदिवसाची टोपी अडकवलेली. बाईंनी एका मुलाला उठवून मला त्याचं स्टूल दिलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वडील काय करतात गं तुझे?"

"परांची."

"बांधतात? इमारतीची?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "मग तर झालंच! इतकी वर्षं मी लोकांना समजावतेय, मला परांचीवाल्याची मुलगी कोणी पाठवली नाही."

त्या भरभर बोलतात. मला कळलं तेवढं लिहिते. मेंदूत मज्जापेशी असतात, त्या निरोप पोचवतात. हात हलव, गिळ, हस. आणि त्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या पेशी असतात, त्या निरोपबिरोप काही पोचवत नाहीत. त्या सांभाळतात. खायला आणून देतात, घाण उचलतात, जागेवर धरून ठेवतात. प्रत्येक पेशीचा आकार टिकावा म्हणून आत बारीक धागे असतात, प्रथिनाचे. मज्जापेशीत वेगळे, सांभाळणारीत वेगळे. आतली परांचीच, फक्त काम झालं तरी उतरवायची नसते.

साहेबांच्या सांभाळणाऱ्या पेशींतला धागा चुकीचा बनतो. वाकडा पाइप दुसऱ्या पाइपात बसत नाही, तसं. मग ते काढून टाकायचं सोडून पेशी आणखी आणखी बनवत राहते. माल येतच राहतो, उभं काहीच राहत नाही, आणि शेवटी सगळ्याचा गठ्ठा होतो. मग ती पेशी कोणाला सांभाळणार. निरोपवाल्या पेशींचं स्वतःचं काही बिघडलेलं नसतं बाबा. त्या बिचाऱ्या उपाशी मरतात. मरताना त्यांचे धागे तुटतात आणि तुकडे रक्तात येतात, आणि बाई ते रक्तात मोजतात.

त्यांनी मला भिंगातून दाखवलं. काचेवर जांभळट निळं, आणि त्यात गुलाबी गुलाबी गोळे, रक्ताच्या नळीभोवती तर दाटीवाटीने. छान दिसत होतं, खरं सांगते. मी विचारलं, "हे कोण?"

"नाव सांगता येत नाही. एक मुलगी होती."

"केवढी?"

"तुझ्या साहेबांपेक्षा लहान."

मी डोळा काढून घेतला. छान दिसतंय असं मनात म्हणालेलं त्यांना ऐकू गेलं असेल असं वाटलं.

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती तोंडातून निघेना. मी माझ्याच कपाळावरून बोट फिरवलं. बाईंना कळलं. म्हणाल्या, "पुढून नाही. मागून, केसांच्या आतून. नंतर शिवतात. चेहरा तसाच राहतो." कोण शिवतं, तर त्यांचा एक माणूस आहे, त्याचा हात चांगला आहे. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "टाका बाहेर दिसला तर उसवीन आणि मी घालीन."

फार वेळ जाऊन चालत नाही म्हणे. काही तासांतच करावं लागतं, आणि तोवर गार ठेवावं लागतं. अर्धं गोठवतात, अर्धं औषधात घालतात. म्हणून सही आधीच हवी.

आणि आता जे लिहायचं नव्हतं ते. तुम्ही का गेलात ते मला माहीत आहे. तेव्हा मी काही तान्ही नव्हते. छताला रंग द्यायला तुम्ही दोन टेबलांवर फळी टाकली होती आणि साहेबांना वर बसवलं होतं. साहेब हातात ब्रश घेऊन तुम्हाला हुकूम सोडत होते. मग डोक्यावर पडले. लगेच उठून हसलेपण, मला ते हसणं स्पष्ट आठवतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिली फिट आली, आणि चालणं गेलं, मग बोलणं. आई तुम्हाला म्हणाली, "तुमच्या परांचीने खाल्लं माझं पोर." दुसऱ्या दिवशी साइटवर गेलात ते गेलातच.

बाई म्हणाल्या, पडल्यामुळे हा आजार होत नाही. तो धागा जन्मापासूनच चुकीचा होता. आईच्या रक्तात ती चूक नाही. तुमचं रक्त तपासलेलं नाही, पण बहुतेक वेळा ती आईबापांत कोणाकडेच नसते, मूल घडतानाच होते. कोणाचाच दोष नाही.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. आता तरी या.


२० फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. 'तो पडला नसता तर?'

मी ते साहेबांना वाचून दाखवलं. ऐकतात असं मला वाटतं. आवाजाच्या दिशेला डोळे येतात, जरा उशिराने. तुमची ओळ संपली तेव्हा डोळे निघाले होते आणि मी गप्प झाल्यावर माझ्यापर्यंत पोचले. 'रजा नामंजूर' असा चेहरा होता. ते नाव तुम्ही ठेवलंत ते किती बरोबर आहे. अजून कोणाला रजा मिळालेली नाही, आईला ना मला. नववीनंतर मी शाळेत गेले नाही ते तुम्हाला कोणी सांगितलं का माहीत नाही. मला वाईट वाटत नाही. वर्गात बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा मी बाकाखाली जायला बघायचे. साहेब प्रश्न विचारत नाहीत.

तुमच्या ओळीचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी बाईंकडे गेले. त्या जेवत होत्या. मी परत फिरले तर डबा तसाच उघडा ठेवून मागे आल्या. तुमचं पत्रच दाखवलं, तेच सोपं पडलं.

त्यांनी ती ओळ वाचली आणि जिन्यातच टेकल्या. म्हणाल्या, "खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

मी पत्र परत हातात घेतलं. त्या म्हणाल्या, "तू त्यांना लिहिणार आहेस ना, मग खरंच सांगते."

ते असं. आजार आधीपासूनच होता, आणि तो बाहेर येणारच होता. पण काही मुलांचं असं झालेलं आहे की डोक्याला छोटासा मार लागला, किंवा जोराचा ताप आला, आणि त्यानंतर उतरण सुरू झाली. बिन आजाराच्या मुलाला तेवढ्या पडण्याने टेंगूळ आलं असतं. साहेबांच्या बाबतीत पडण्याने ते लवकर सुरू झालं का? "असेल. नसेलही. मला माहीत नाही, आणि आत्ता जगात कोणालाच माहीत नाही. माहीत आहे असं कोणी म्हणालं तर मला त्याचा पत्ता दे."

मागच्या पत्रात मी 'कोणाचाच दोष नाही' लिहिलं, ते अजूनही तसंच आहे. पण पडण्याचा काही म्हणजे काही संबंध नाही असं तुम्हाला वाटावं असं मी लिहिलं होतं. तेवढं मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे की ते कोणालाच माहीत नाही.

हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्यात हे सगळं नव्हतं आणि ते छान झालं होतं. पण कच्च्या फळीवर माणसाला उभं करून वर 'पक्की आहे' म्हणायचं, हे तुम्हीच कोणाला करू दिलं नसतं. म्हणून ते फाडलं.

याने तुमचं यायचं मन होणार नाही हे मला कळतंय.

साहेबांच्या रक्तातले ते तुकडे वाढलेत. मी पहिल्या पत्रात तब्येत बरी लिहिली होती. बरी नव्हती.


६ मार्च

बाबा,

साहेबांना वॉर्डात ठेवलंय. छातीत कफ भरतो आणि त्यांना खोकायला जमत नाही. नळीने काढतात. नर्सबाई मला म्हणाल्या, "तू बाहेर थांब," आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच बोलवायला आल्या, कारण साहेब माझ्याशिवाय तोंड उघडत नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात, गालाला बोट लावावं लागतं.

आईला पत्रांचं कळलं. तुमची ती एक ओळ माझ्या ओढणीत बांधलेली होती, ती धुताना तिला सापडली. मला वाटलं आता काही खरं नाही. तिने ओळ वाचली, ओल्या हाताने, आणि पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "लिही त्यांना. हाक मी मारली होती म्हणावं."

"कसली हाक?"

"मीच नाही का ओरडले आतून, अहो इकडे या, डब्याचं झाकण निघत नाहीये. ते वळले. वळले म्हणून पोरावरचा हात सुटला." ती हातातली ओढणी पिळत होती, पाणी कधीच निघून गेलं होतं. "तेव्हा मी हे नाही बोलले. त्यांना बोलले, म्हणजे मला कोणी बोलणार नाही."

मी लिहू का खरंच, असं विचारलं. म्हणाली, "मग काय मी पोस्टात जाऊन ओरडू?"

म्हणून लिहिलं.

आता माझं राहिलंय. बाईंनी मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं की सहीसाठी तुम्ही यायची गरज नाही. साक्षीदारासमोर सही करून कागद पोस्टाने पाठवला तरी चालतो. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. मुद्दाम. तुम्ही बघितल्याशिवाय सही करत नाही हे मला माहीत होतं आणि बघायचं म्हणजे यावं लागेल, आणि आलात की साहेबांजवळ बसाल. मला सहीपेक्षा ते हवं होतं. मेंदू कोणाला मिळाला आणि कोणाला नाही मिळाला याचं मला सुरुवातीला काही वाटतही नव्हतं.

आता वाटतं. ती दुसरी मुलगी काचेवर आहे, आणि तिच्या घरी कोणीतरी सही केली म्हणून आमच्या साहेबांना काय झालंय ते बाईंना ओळखता आलं. आणि माझ्या लबाडीपायी वेळ निघून गेली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणखी एक दार मीच बंद केलं असं होईल.

कागद सोबत ठेवलाय. मुकादमकाका साक्षीला चालतील, मी विचारलं. सही करा आणि पाठवा, किंवा नाही करायची तर कोरा पाठवा. यायची सक्ती नाही. डॉक्टर म्हणतात आता दिवसांवर आलंय.

डाव्या कुशीवर असले की साहेबांना जरा बरं वाटतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून.


२९ मार्च

बाबा,

तुम्ही परत साइटवर पोचलात असं मुकादमकाकांनी सांगितलं. इथून निघताना तुम्ही माझ्याशी फार बोलला नाहीत आणि मीही नाही. म्हणून पुन्हा पत्र.

त्या दिवशी दुपारी तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. हेल्मेटवरून ओळखलं, बॅगेला बांधलेलं होतं. केस किती पांढरे झालेत. तुम्ही वॉर्डाच्या दाराच्या काचेतून आत बघितलंत. हातात माझं पाकीट होतं, कागद अजून आतच होता, सही न केलेला. आई बाहेर आली. मला वाटलं आता दोघं काय बोलणार. ती म्हणाली, "आधी त्याच्याजवळ बसा." आणि तुम्ही म्हणालात, "बघून येतो आणि सही करून येतो. मग मोकळा होऊन बसतो."

तुम्ही असेच आहात. काम आधी. मग तुम्ही बाईंबरोबर आवार ओलांडून पलीकडच्या इमारतीत गेलात.

तिथे काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. जिथे करतात ते टेबल तुम्ही दोन्ही हातांनी हलवून बघितलंत. नळ सोडून पाणी कुठे जातं ते बघितलंत. शिवणाऱ्या माणसाला त्याचा दोरा दाखवायला लावलंत. डोकं कोण धरणार, कुठल्या हाताने धरणार, तोवर अंगावर काय पांघरणार, ते सगळं विचारलंत. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. त्यांनाही घाई करावीशी वाटली नाही म्हणाल्या. मग तुम्ही उभ्यानेच सही केलीत.

तेवढ्यात इकडे साहेब गेले.

तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. काही मोठं झालं नाही. डाव्या कुशीवर होते. आईचा हात पाठीवर होता आणि माझं बोट गालाच्या कोपऱ्यात. आता खोकला येईल असं वाटलं, मी वाट बघितली, तो आला नाही. आई म्हणाली, "झोपू दे." मग तिला कळलं आणि मलाही. नर्सबाईंनी घड्याळ बघितलं.

तुम्ही जिना चढून आलात, हातात कागद घेऊन, शाई वाळायला जरा लांब धरलेला. मला सांगता आलं नाही. नर्सबाईंनी सांगितलं.

मला तुमचा इतका राग आला बाबा. टेबल कुठे पळून जात नव्हतं. दारातून आठ पावलं टाकून आत आला असतात तर साहेबांचे डोळे उशिराने का होईना तुमच्यापर्यंत आले असते. अजून राग आहे. तो लपवून लिहायचं म्हणजे पुन्हा पहिल्या पत्रासारखं होईल.

पण दुसरंही लिहायचंय, कारण ते तुम्हाला दिसलं नसणार, मला मागून दिसलं. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन आला, म्हणाला, "काका, यावर ठेवू." तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे द्या." आणि तुम्ही उचललंत, पण तुम्ही त्यांना उचलत होतात दोन वर्षांच्या साहेबांसारखं. ते आता किती लांब झालेत, डोकं किती जड आहे, तुम्हाला कुठून माहीत असणार. डोकं मागे जायला लागलं. तेव्हा मी बोलले. "डोक्याखाली हात घ्या." मोठ्याने. सगळा वॉर्ड वळला. इतक्या वर्षांत तुमच्याशी मी तोंडाने बोललेलं ते पहिलं वाक्य.

तुम्ही हात घेतलात. म्हणालात, "असा?"

मी म्हटलं, "अजून वर. मानेला तळवा."

"असा?"

"हो."

मग तुम्ही चाललात. जिना, आवार, पलीकडचा रॅम्प, मध्ये कुठेही थांबला नाहीत आणि कोणाला हात लावू दिला नाहीत. एकेक पाऊल आधी टेकवून, दाबून, मग भार टाकत होतात, सपाट जमिनीवर. आई तुमच्या मागे चपला हातात घेऊन. आवारात एक गाडी उलटी येत होती, तिच्यापुढे जाऊन ती हात आडवा करून उभी राहिली. ड्रायव्हरने गाडी बंद केली.

नंतर साहेब परत दिले तेव्हा आईने मागचे केस बाजूला करून बघितलं. "बरे आहेत टाके," म्हणाली. त्या शिवणाऱ्या माणसाला तिने नमस्कार केला. तो इतका लाजला की मला माझीच आठवण झाली.

काल बाईंकडे गेले होते. वेळेत झालं, सगळं चांगलं मिळालं म्हणाल्या. त्यातला काही भाग दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळांनाही देणार आहेत, तिथे याच धाग्यावर काम चालतं. पहिल्या काचा तयार झाल्यात. त्यांनी विचारलं, बघायचंय का. मी म्हटलं, आज नको. त्या म्हणाल्या, "कधीच नाही बघितलं तरी चालेल."

तुमचा प्रश्न मी पुन्हा विचारला. ज्या बाजूला ते पडले होते तिथे काही वेगळं दिसतं का? म्हणाल्या, दोन्ही बाजूंना सारखेच गोळे आहेत. पण सारखे दिसतात म्हणजे पडण्याने काही झालं नाही असं त्या म्हणणार नाहीत. इतक्या वर्षांनी त्याची खूण राहिलीच असेल असं नाही. म्हणजे उत्तर नाही बाबा. पुढे कधी मिळेल, बहुतेक दुसऱ्या कोणाच्यातरी मुलासाठी. तुम्हाला आणि आईला ते न मिळताच राहावं लागेल. आईने मला विचारलं, मी तिलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि मशीनला दोरा ओवत बसली. तिला दोरा दिसत नव्हता, मी ओवून दिला.

घरात फार जागा झालीय. पलंग भिंतीला लावल्यावर दार पूर्ण उघडतं, ते इतकी वर्षं अर्धंच उघडायचं. मी दिवसभर काय करायचं ते मला अजून कळत नाही. सवयीने उठते आणि कूस बदलायला जाते.

मी तुम्हाला सहीसाठी बोलावलं होतं. आता कशावरही सही नकोय. बाईंना काही नकोय, दवाखान्याला काही नकोय. आईने बोलावलंय असंही नाही, तिला विचारलं तर म्हणाली, "त्यांचं त्यांना कळतं." बघून घ्यायला, हलवून तपासायला घरात काही नाही. ती आहे आणि मी आहे.

या.

तुमची मुलगी